जियालालच्या नावाची पेनं

गोंदियाजवळच्या मुर्रीच्या जियालाल टेंभरेंचा हात थरथरतो, हे सगळ्यांत आधी त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. २००८ सालची गोष्ट. धानाची कापणी सुरू होती. दुपारी जेवताना त्यांनी वरणाची वाटी उचलली आणि वरण ताटाबाहेर सांडलं. त्यांनी वाटी खाली ठेवली, थोडं थांबून परत उचलली, परत सांडलं. मग भूक नाही म्हणून ते उठून गेले. नीतूने फरशी पुसली आणि सासूला काही सांगितलं नाही.

तिला महिनाभर आधीच शंका आली होती. जियालाल लाकडाची पेनं बनवत. टोपण फिरवून बसावं म्हणून आतून जे बारीक आटे पाडावे लागतात, ते त्यांच्याकडून बिघडू लागले होते. काम करायच्या खोलीत भुसा भरताना कोपऱ्यात दडवलेली चार टोपणं तिच्या हाती लागली. चारही आट्यांपाशी तडकलेली. तीस वर्षं खरादावर लाकूड कातण्यात काढलेला माणूस आपलं बिघडलेलं काम भुशाखाली लपवतो, तेव्हा काय समजायचं ते ती समजली.

टेंभरे घर पोवारांचं, म्हणजे मूळ शेतीचं. पण शेती मोठ्या भावाने पाहिली आणि जियालाल तरुणपणीच गोंदियातल्या एका फर्निचरच्या कारखान्यात लागले. पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, बेलणी, जे गोल असेल ते त्यांच्याकडे यायचं. कारखान्यातलं काम सुटल्यावर त्यांनी अंगणात टिनाची खोली बांधली आणि एक जुनी खरादाची मशीन आणून बसवली. नागपूरच्या एका डॉक्टरने एकदा आपलं शाईचं पेन आणून दाखवलं. निब चांगली होती, दांडी फुटलेली. जियालालनी घरात पडलेल्या तेंदूच्या गाठीतून नवी दांडी काढून दिली. डॉक्टर परत आले ते दोन मित्रांना घेऊनच.

झाडाला जखम झाली किंवा कीड लागली की कधीकधी खोडावर फोडासारखी गाठ सुजते. आतले धागे सरळ वाढायचे सोडून एकमेकांत गुरफटतात. कुऱ्हाड अडकते, फळी निघत नाही, म्हणून लाकूड तोडणारे ती जळणात टाकतात. तेंदूची गाठ त्यातही दुर्मीळ. काळ्या लाकडात मधाच्या रंगाच्या रेषा आणि मध्ये मध्ये डोळ्यासारखे ठिपके. जियालाल लाकडाच्या टालावर जाऊन जळणाचे ढीग उपसत, लिलावातला वेडावाकडा माल पाहत, शेताच्या बांधावर कोणी झाड पाडलं की तिथे पोचत. आणलेल्या गाठीची तोंडं मेणाने बंद करून चार-पाच वर्षं सावलीत वाळवत. मग तुकडा कापायचा, पोखरायचा, आत एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, नळी बसवायची आणि खरादावर धरून सोलत जायचं. शेवटी दांडीच्या बुडाशी तापल्या तारेने एक बारीक खूण डागायची, ‘जि’.

त्यांचा मुलगा टिकेश राईस मिलमध्ये नोकरीला होता. त्याने गोंदियाच्या सायबर कॅफेत बसून या पेनांचे फोटो जगाला दाखवले. पुणे, हैदराबाद, बंगलोर, पुढे परदेशातूनही मागणी यायला लागली. पेनासाठी लोक वर्ष वर्ष थांबू लागले. तेव्हा टिकेशने मिल सोडली आणि पत्रं, फोन, पार्सल हेच काम धरलं. घर त्यावर चालू लागलं.

नीतू २००३ मध्ये या घरात आली. माहेर तलावाकाठच्या बोदलकसाचं. बारावी झालेली, शिक्षिका व्हायची इच्छा असलेली. टिनाच्या खोलीत ती पहिल्यांदा गेली ती चुलीसाठी भुसा भरायला. एक दिवस तिने सासऱ्यांना विचारलं की हा तुकडा एवढा सुंदर दिसतो, मग बाजूला काऊन टाकला. जियालालनी तुकडा उजेडात धरून दाखवला. गाठीच्या पोटात झाडाची साल शिरली होती. मशीनवर चढवला असता तर तिथून उडाला असता आणि तोंडावर बसला असता. पुढच्या वेळी त्यांनी तीन तुकडे तिच्यासमोर ठेवले आणि यातला खराब कोणता ते विचारलं. तिने बरोबर सांगितलं. तिथून पुढे सुरुवात झाली. आधी पॉलिश पेपर, मग लाखेचा हात, मग पटाशी धरणं. पटाशी घट्ट धरायची नाही, नुसती टेकवायची, लाकूड आपोआप तिच्यावर येतं, हे शिकायला तिला वर्ष लागलं. तोवर लेक रुचि झाली होती आणि अंगणातल्या झोळीत झोपायची.

सासू फुलवंताबाईंना हे पटत नव्हतं. पण जियालाल कोणाला शिकवतात आणि शिकवताना हसतात, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

वाटी सांडली त्यानंतर चार दिवसांनी जियालाल मशीनसमोर नुसतेच बसले होते. पुण्याच्या एका गृहस्थांचं पेन होतं. दांडी झाली होती, टोपणाचे आटे राहिले होते. नीतूने आत येऊन दार लोटलं, त्यांच्या हातातलं दातेरी हत्यार घेतलं आणि म्हणाली, “बाबूजी, तुमी सांगा. मी करते.” जियालालनी उठून स्टूल तिला दिलं. आटे एका दमात पडले. टोपण बसलं तेव्हा बारीक हवेचा आवाज झाला, जियालालच्या पेनांचा होतो तसाच. बुडाशी खूण तिने डागली. त्यांचा हात तारही धरू शकत नव्हता.

तीन आठवड्यांनी पुण्याहून पत्र आलं. गृहस्थांनी लिहिलं होतं की जियालालजींचा हात वयानुसार अधिकच स्थिर होत चालला आहे. टिकेशने पत्र मोठ्याने वाचलं. जियालाल ऐकत होते. त्यांनी पत्र मागून घेतलं नाही, एरवी ते घडी करून उशीखाली ठेवायचे.

टिकेशला खरं कळलं ते त्याच आठवड्यात. तो चिडला नाही. उलट घाबरला, आणि घाबरलेला माणूस जास्त कडक नियम करतो. त्याने बायकोला आणि बापाला समोर बसवून सांगितलं की लोक लाकडाले पैसे देत नाहीत, बाबूजीच्या हाताले देतात. हे बाहेर गेलं तर सगळं संपलं. दोन वर्षांच्या मागण्या घेतलेल्या आहेत, अर्ध्या लोकांनी पैसे पाठवलेले आहेत. तो नीतूला म्हणाला की तुझं काम बाबूजींच्या तोडीचं आहे हे मलाही दिसतं, पण ते मला आणि तुला दिसून काय उपयोग.

मग नियम ठरला. मशीन चालू असेल तेव्हा दाराला आतून कडी. आणि जियालालनी तेवढा वेळ आतच बसायचं. कारण मशीनचा आवाज चौकापर्यंत जायचा. इकडे मशीन घरघरतेय आणि तिकडे जियालाल बकारामच्या पानठेल्यावर बसलेत असं एकदा जरी कोणी पाहिलं, तर गावाला हिशोब जुळवायला वेळ लागणार नव्हता.

अडीच वर्षं असं चाललं.

टिनाची खोली दहा बाय बारा. एक खिडकी होती, तिला टिकेशने पोतं लावलं. पंखा लावला तर भुसा डोळ्यांत जायचा, म्हणून पंखा बंद. भारनियमनामुळे वीज कधी अकरा ते दोन, कधी दोन ते सहा. वीज असेल तेव्हा आत जायचंच. मे महिन्यात टिन तापलं की नीतूच्या कपाळावरचा घाम लाकडावर पडायचा आणि लाखेला डाग यायचा, म्हणून ती डोक्याला कापड बांधायची. जियालाल भिंतीला टेकून खाटेवर बसायचे. सुरुवातीला ते सूचना द्यायचे. वर्षभराने सूचना द्यायची गरज राहिली नाही, आणि ती गरज राहिली नाही हे दोघांनाही कळलं. मग ते डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे. कधी लाकडाचा आवाज बदलला की त्यांचं बोट वर व्हायचं, पण तोवर नीतूने पटाशी मागे घेतलेली असायची.

आधी जियालालचा दिवस चौकात जायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बकारामकडे पान, दोन-चार जुने कारखान्यातले लोक, निवडणुकीच्या गप्पा. आता वीज संध्याकाळची असली की संध्याकाळ गेली. नसली तरी ते जायला कचरायचे. तिथे कोणी म्हणायचं, टेंभरेजी या वयात एवढं काम करून राहिले, कमाल आहे. ते बोलणं निवडणुकीवर न्यायचे. पानाचा विडा घेतानाही ते हात खिशात ठेवून तोंड पुढे करायचे. हळूहळू त्यांनी जाणंच सोडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी जेवण जमायचं, खराद नाही.

नीतूचं माहेर तासाभराच्या अंतरावर. २०१० च्या पावसाळ्यात तिची आई गीताबाई तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नीतूने पंधरा दिवस मागितले. टिकेश नाही म्हणाला नाही. त्याने फक्त कागद दाखवला, त्यावर बंगलोरच्या तीन पेनांची तारीख होती. ती दोन दिवस राहून परत निघाली. निघताना भावजय म्हणाली, “तुहा सासरा पेन बनवते, तुहा नवरा पार्सल करते. तुले असं कोणतं काम पडलं तिथी?” नीतूकडे उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. तिने पोरीच्या शाळेचं कारण सांगितलं. आई खाटेवरून तिच्याकडे पाहत होती. आईला ते कारण खोटं वाटलं हे तिला दिसलं, आणि आईने लेकीला आपला कंटाळा आला असं समजून मान फिरवली हेही दिसलं. बसमध्ये ती सगळा वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत होती. नखांत काळी लाख बसलेली, ती कशानेच निघत नसे.

त्याच वर्षी रुचि पहिलीत होती. शाळेत बाईंनी घरातल्या माणसांवर पाच ओळी लिहून आणायला सांगितल्या. रुचिने लिहिलं, ‘माझी आई पेन बनवते. आजोबा बसून राहतात.’ टिकेशने वही पाहिली आणि पान फाडलं. तो ओरडला नाही. त्याने वही नीतूच्या हातात दिली आणि तो बाहेर गेला. नीतूने पोरीला मांडीवर घेऊन नवीन पानावर लिहून घेतलं, ‘माझे आजोबा पेन बनवतात. आई स्वयंपाक करते.’ रुचि म्हणाली, “पण तू तं खरंच बनवतेस.” नीतू म्हणाली की हो, पण ते आपल्या घरातलं आहे, शाळेतलं नाही. पोरीने मान हलवली आणि खाली मुंडी घालून अक्षरं काढली. आजवर तिने स्वतःच्या नावावर पाणी सोडलं होतं. पोरीला खोटं लिहायला तिने स्वतःच्या हाताने बसवलं, हे वेगळं होतं.

तिने टिकेशला एकदा विचारलं की हे कधीपर्यंत. तो म्हणाला, बाबूजी आहेत तोपर्यंत. आणि त्यानंतर? त्यानंतर बाबूजींचं काम संपलं असं सांगावं लागेल, तो म्हणाला, मेलेला माणूस पेन कसा बनवेल. तेव्हा नीतूला कळलं की या खोलीतून बाहेर पडायची वाट एकच आहे आणि ती सासऱ्यांच्या मरणावरून जाते. तिने परत विचारलं नाही.

२०११ च्या मार्चमध्ये पुण्याच्या काही पेनप्रेमी मंडळींचं बोलावणं आलं. त्यांचं प्रदर्शन होतं आणि त्यात जियालालजींनी स्वतः बसून पेन बनवून दाखवावं अशी विनंती होती. टिकेशने प्रवास झेपत नाही असं कळवलं. मग त्यांनी निदान काम करतानाची थोडी चित्रफीत मागितली. याआधी भेटायला येतो म्हणणाऱ्यांना टिकेश सांगत आला होता की बाबूजी कोणासमोर काम करत नाहीत. पण घरच्याच कॅमेऱ्यावर घ्यायला नकार कसा द्यायचा? आता नाही म्हटलं तर लोक विचार करतील, असं त्याला वाटलं.

त्याने सगळं ठरवलं. आधी बाबूजींचा चेहरा, मशीनवर वाकलेला. मग जवळून फक्त हात आणि उडणारा छिलका. हात नीतूचे. बाबूजींचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, मनगटापर्यंत बटण लावायचं, बोटांना भुसा आणि लाख चोळायची म्हणजे बाईचे दिसणार नाहीत. चेहरा झाला. जियालाल सांगितल्याप्रमाणे बंद मशीनवर वाकले, वर पाहिलं, खाली पाहिलं. मग खाटेवर जाऊन बसले.

नीतूने लुगड्यावरून सासऱ्यांचा सदरा चढवला. तो अंगाला मोठा होता आणि त्याला त्यांच्या तंबाखूचा वास येत होता. बाह्या खाली ओढल्या तरी बांगड्या दिसत होत्या. टिकेश म्हणाला, त्या काढ. काचेच्या बांगड्या घट्ट होत्या. ती साबण लावून एकेक सरकवू लागली. एक मनगटाच्या हाडावर अडकून फुटली आणि बारीक रक्त आलं.

तेवढ्यात फुलवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दार अजून नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी सुनेला पाहिलं. अंगात सासऱ्याचा सदरा, एक हात मोकळा, दुसऱ्यात तीन बांगड्या, खाली काचेचे तुकडे. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“चुड्या काऊन उतरवून राहिली तू?”

टिकेशने सांगितलं की दहा मिनिटांचं काम आहे, नंतर परत घालेल.

“दहा मिनिटं बी नाही,” त्या म्हणाल्या. “तू समोर उभा आहेस ना रे. जिता आहेस ना. मंग बायकोचे हात उघडे कोनासाठी करून राहिला? अडीच वर्सं मी गप्प राह्यली. पोरगी घामानं भिजते, बुढा आत कोंडते, मी म्हटलं चालू दे, घर चालते. आता हे बी?”

टिकेश म्हणाला की माय, हे तुले समजत नाही. वीज दोन वाजता जाणार होती आणि दीड वाजला होता. तो कॅमेरा सारखा करायला वळला.

जियालाल खाटेवरून उठले. त्यांनी पायात चपला सरकवल्या. टिकेशला वाटलं ते लघवीला चालले. ते दारापाशी थांबले आणि सुनेकडे वळून म्हणाले, “बहू, मशीन चालू कर.”

“बाबूजी, तुमी कोठी चालले?” टिकेशने विचारलं.

“चौकात.”

“मशीन चालू होऊन राहिली आता. तुमाले बसा लागते.”

“म्हनूनच चाललो,” ते म्हणाले. “बहू, बंद नोको करू. मी येईपर्यंत चालू ठेव.”

ते गेले. हात खिशात नव्हते. दोन्ही हात बाजूला लटकत होते आणि उजवा थरथरत होता, आणि ते तो तसाच थरथरू देत भर उन्हात रस्त्याने चालले होते. फुलवंताबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या.

टिकेश नीतूला म्हणाला की बटण दाबू नकोस. त्याचा आवाज बारीक झाला होता. तो म्हणाला, मी त्यांना परत आणतो, तोवर थांब. पण तो गेला नाही, तिथेच उभा राहिला. बहुधा त्याला कळत होतं की भर चौकातून बापाला ओढून आणलं तर तीच बोभाटा करायची गोष्ट होईल. नीतू त्याच्याकडे पाहत होती. तिला त्याची दया आली, आणि रागही आला. बटण दाबलं की उद्या घरात काय शिजेल ते तिला माहीत नव्हतं. तिने मनगटाचं रक्त सदऱ्याला पुसलं आणि बटण दाबलं.

बकारामने पुढे कितीतरी लोकांना सांगितलं ते असं. जियालाल येऊन बाकावर बसले, पान मागितलं, आणि विडा हाताने घेतला. हात एवढा थरथरत होता की चुना सदऱ्यावर पडला. तिकडून मशीनचा आवाज येत होता. बकारामने विचारलं, टेंभरेजी, तुमी इथी, मंग मशीन कोन चालवून राहिला? जियालालनी पान तोंडात घातलं, चावलं, आणि मग म्हणाले, “माही बहू. अडीच वर्सं झाले.” एवढं बोलून ते वीज जाईपर्यंत तिथेच बसून राहिले.

संध्याकाळपर्यंत मुर्रीत आणि दोन दिवसांत गोंदियाच्या बाजारात ते पसरलं. टिकेशने आठ दिवस फोन उचलला नाही. बाप-लेकात बोलणं बंद झालं. बायकोशी तो कामापुरतं बोले. चित्रफीत पुण्याला गेली नाही. नीतूला वाटलं होतं की मोकळं वाटेल, पण तसं काही वाटलं नाही. गावातल्या बायका खोलीच्या दारात येऊन उभ्या राहत, बाईमाणूस मशीन कशी चालवते ते पाहत, आणि त्यांच्यासमोर तिचा हात अवघडे. दोन तुकडे तिने त्या आठवड्यात फोडले.

मग ती टिकेशजवळ गेली आणि तिने ग्राहकांच्या पत्त्यांची वही मागितली. २००८ च्या दिवाळीपासून ज्यांना पेन गेलं त्या सगळ्यांना ती पत्र लिहिणार होती. टिकेश म्हणाला की गावात बोललं ते गावात राहील, पुण्या-बंगलोरला कोण सांगायला जातं, तू आपल्या हाताने कायले घर बुडवतेस. नीतू म्हणाली, “मी रुचिच्या हातून खोटं लिहून घेतलं. ते मले खोडता येत नाही. हे येते.” त्याने वही दिली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवलेली सापडली. ती त्याने ठेवली की सासूने, हे तिने विचारलं नाही.

सदतीस पत्रं झाली. सगळ्यांत मजकूर एकच. तुमचं पेन जियालाल टेंभरे यांनी शिकवल्याप्रमाणे त्यांची सून नीतू हिने बनवलं आहे. त्यांचा हात आजारी आहे. खूण त्यांची आहे, काम माझं आहे. नको असेल तर परत पाठवा.

नऊ पेनं परत आली. पुण्याच्या ज्या गृहस्थांनी स्थिर हाताचं कौतुक केलं होतं त्यांचं पेन सगळ्यांत आधी आलं, सोबत चिठ्ठीही नव्हती. पाच-सहा जणांनी लिहिलं की पेन उत्तम आहे, हरकत नाही. एकाने फसवणुकीची तक्रार करायची धमकी दिली आणि पुढे काही केलं नाही. बाकीच्यांनी उत्तरच दिलं नाही. नवीन मागण्या मात्र थांबल्या. पावसाळा सुरू व्हायच्या आत टिकेश परत राईस मिलमध्ये रुजू झाला. जाताना तो एवढंच म्हणाला की मी सांगितलं होतं. त्याने सांगितलं होतं, हे खरंच होतं.

जून महिन्यात नीतू पंधरा दिवस बोदलकसाला राहिली. आईचं हाड जुळलं होतं, पण चालणं वाकडं झालं होतं. नीतूने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. गीताबाईंनी ऐकून घेतलं, लेकीचे हात हातात घेऊन उलटे सुलटे केले, सगळी बोटं मोजून पाहिली आणि विचारलं की ती मशीन बोट तर कापत नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांना पुढचं फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. आधी काऊन नाही सांगितलं, एवढंच त्या दोन-तीनदा म्हणाल्या.

परत आल्यावर एक पत्र वाट पाहत होतं. नवेगावकडच्या एका निवृत्त हेडमास्तरांचं, यादोराव डोंगरवारांचं. अक्षर नातीचं होतं, मजकूर त्यांचा. त्यांच्याकडचं पेन परत पाठवत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पण ते त्यांना वापरता येत नाही, कारण त्यांचाही हात थरथरतो आणि बारीक दांडी बोटांत टिकत नाही. तुमच्या सासऱ्यांचा हात आजारी आहे हे वाचून विचारतो, असं लिहिलं होतं. अशा हाताला धरता येईल असं पेन बनतं का?

नीतूने ते पत्र जियालालना वाचून दाखवलं. ते म्हणाले की दांडी जाड पाहिजे, आणि निबेकडे वजन पाहिजे, वर हलकं. गुळगुळीत चालणार नाही. तेंदूची गाठ नको, घसरते. चिंचेची पाहा.

पहिलं पेन जाड झालं, पण हातात सरकत होतं. दुसऱ्याला तिने बोटांपाशी उथळ खळगे काढले. ते घेऊन ती अंगणात आली. जियालाल कडुलिंबाखाली बसले होते, समोर रुचिची जुनी वही. त्यांनी पेन घेतलं, मूठ वळली, आणि निब कागदावर टेकवली. शाईचा एक डाग पडला. मग ‘जि’ निघाला, वाकडा, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलेला. पुढच्या ‘या’ला हात निसटला आणि निब कागद फाडून गेली.

त्यांनी पेन तिच्याकडे परत केलं.

“खळगा खोल कर,” ते म्हणाले. “अंगठ्याकडचा. आनि आनखी थोडं जाड.”

वीज यायला अजून तास होता. नीतू चिंचेचा तिसरा तुकडा शोधायला आत गेली.